भाषेतला माणूस

मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘राम आंबा खातो’ हे वाक्य पिढ्यानुपिढ्या भेटत आले आहे. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची पहिली ओळख या वाक्यावरून होते. कर्तरी प्रयोगाचे तर ते ठरलेलेच उदाहरण. व्याकरणाला हवे ते सर्व या वाक्यात आहे. ते कोण बोलत आहे आणि कोणाला उद्देशून, एवढेच त्यात नाही. धाकट्या मुलाने थोरल्याकडे बोट दाखवून आईला हे सांगितले तर ती तक्रार होते. पुष्कळ दिवसांच्या तापानंतर रामाच्या तोंडाला चव आली म्हणून आईने शेजारणीला सांगितले तर तोच निश्वास होतो. व्याकरण या दोन्ही वाक्यांना एकच वाक्य मानते, कारण रूपे आणि त्यांचे परस्परसंबंध यांपलीकडे त्याला काही लागत नाही. ही व्याकरणाची उणीव नव्हे, शक्ती आहे. मात्र ही शक्ती ज्या किमतीला मिळते तिचा हिशेब मांडण्याची गरज विसाव्या शतकातल्या भाषाविज्ञानाला वारंवार भासली. भाषेच्या अभ्यासात मानवकेंद्री दृष्टी म्हणून जे ओळखले जाते, ते या हिशेबाचेच नाव आहे.

ही किंमत जाणीवपूर्वक मोजण्याचे श्रेय बहुधा फर्दिनां द सोस्यूर याला दिले जाते. भाषिक व्यवस्था आणि प्रत्यक्ष वाक्-व्यवहार असा भेद करून त्याने शास्त्राचा मुख्य विषय म्हणून व्यवस्थेची निवड केली. बुद्धिबळाच्या पटावरील सोंगटीचे मोल ती कोणत्या लाकडाची आहे यावर ठरत नाही, तसे चिन्हाचे मोल ते कोण उच्चारतो यावर ठरत नाही. या एका भूमिकेने भाषाविज्ञानाला स्वतःचे घर मिळाले. ध्वनिव्यवस्थेपासून चिन्हमीमांसेपर्यंत पुढे जे काही उभे राहिले, ते तिच्या पायावर. तथापि, या ग्रंथाच्या जन्मकथेतच एक विसंगती आहे. १९१६ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ सोस्यूरने लिहिलेला नाही. १९०७ ते १९११ या काळात जिनिव्हात दिलेल्या व्याख्यानांच्या, विद्यार्थ्यांनी घेतलेल्या टिपणांवरून शार्ल बाली आणि आल्बेर सेशए यांनी तो सिद्ध केला. वाक्-व्यवहाराला बाजूला सारणारा ग्रंथ एका माणसाच्या बोलण्यातून आणि इतरांच्या ऐकण्यातून निर्माण झाला. भाषेचा अभ्यास भाषेपुरता आणि भाषेसाठीच करावा, अशा आशयाचे जे प्रसिद्ध विधान ग्रंथाच्या अखेरीस येते, ते तर सोस्यूरच्या तोंडचे नसून संपादकांनी घातलेले आहे, असे टिपणांच्या पुढील अभ्यासातून दिसून आले. माणसाला शास्त्राबाहेर ठेवण्याची प्रतिज्ञा गुरूपेक्षा शिष्यांनीच अधिक ठामपणे उच्चारली होती.

नोम चॉम्स्की यांनी माणसाला पुन्हा आत आणले, असे म्हणता येते. भाषा ही बाहेर पसरलेली सामाजिक वस्तू नसून मानवी मनाची क्षमता आहे, हा त्यांचा आग्रह मानवकेंद्रीच होता. परंतु १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात जो माणूस प्रवेश करतो, तो आदर्श भाषक-श्रोता आहे. त्याचा भाषिक समाज पूर्णतः एकजिनसी आहे. तो विसरत नाही, थकत नाही, त्याचे लक्ष विचलित होत नाही. शिवाय तो भाषकही आहे आणि श्रोताही. म्हणजे त्याला बोलण्यासाठी दुसऱ्या कोणाची गरज नाही. डेल हाइम्स यांनी यावर घेतलेला आक्षेप सुपरिचित आहे : केव्हा बोलावे, कोणाशी कसे बोलावे आणि केव्हा गप्प राहावे हे कळणे हाही भाषा येण्याचाच भाग आहे. केवळ व्याकरणशुद्ध वाक्ये निर्माण करू शकणारा माणूस कोणत्याही समाजात विचित्रच ठरेल. एकंदरीत, माणूस केंद्रस्थानी आणला एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कोणता माणूस आणला, आणि त्याच्यासमोर कोणी आहे की नाही, हे पाहावे लागते.

या दुसऱ्या प्रश्नाची जाण विल्हेल्म फोन हुम्बोल्ट याला होती. भाषा ही तयार वस्तू नसून सतत चाललेली क्रिया आहे, हे त्याचे मत नेहमी उद्धृत होते. त्यामानाने द्विवचनावरील त्याचा १८२७ मधील निबंध कमी वाचला जातो. संस्कृतासारख्या भाषांतील द्विवचनाचा विचार करता करता तो अशा ठिकाणी पोचतो की, संबोधन आणि प्रत्युत्तर ही जोडी भाषेच्या स्वभावातच आहे. भाषेच्या मुळाशी ‘एक’ नाही, ‘दोन’ आहेत. या सूत्राला काटेकोर व्याकरणिक रूप देण्याचे काम सव्वाशे वर्षांनी एमील बेंव्हेनिस्त याने केले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधसंग्रहातील एका विभागाचे शीर्षकच ‘भाषेतला माणूस’ अशा अर्थाचे आहे. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : ‘झाड’ या शब्दाला कोशात अर्थ असतो. ‘मी’ या शब्दाला तसा अर्थ नाही. तो जो उच्चारतो त्याचाच, आणि उच्चारतो त्या क्षणापुरता असतो. संपूर्ण भाषा प्रत्येक बोलणाऱ्याला आळीपाळीने आपल्या मालकीची करून घेता यावी म्हणून भाषेने ठेवलेली ती मोकळी जागा आहे. मात्र ‘मी’ म्हणताच समोर ‘तू’ गृहीत धरला जातो, आणि तो ‘तू’ पुढच्याच क्षणी ‘मी’ होऊन बोलू शकतो. ‘तो’ मात्र या अदलाबदलीत कधीच नसतो. म्हणून बेंव्हेनिस्तच्या मते तृतीय पुरुष हा खरे पाहता पुरुषच नव्हे.

या मताच्या पुष्टीसाठी बेंव्हेनिस्तने अरबी वैयाकरणांच्या संज्ञा पुढे केल्या. त्यांच्या परंपरेत पहिला ‘बोलणारा’, दुसरा ‘ज्याला उद्देशून बोलले जाते तो’ आणि तिसरा ‘गैरहजर’. या तिसऱ्यासाठी असलेला अरबी शब्द मराठीला परका नाही. ‘गायब’ तो हाच. भारतीय वाचकाला याहून जवळचा पुरावा पाणिनीत सापडतो. मध्यम पुरुष कोठे योजावा याची अट तो सांगतो, उत्तम पुरुषाचीही सांगतो. प्रथम पुरुषाला मात्र स्वतंत्र अट न देता ‘शेष’, म्हणजे उरलेल्या सर्व ठिकाणी, तो योजावा एवढेच म्हणतो. संस्कृतात बोलणारा उत्तम, ऐकणारा मध्यम आणि बाकीचे सगळे शेष. शालेय मराठी व्याकरणाने इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने ‘मी’ला प्रथम, ‘तू’ला द्वितीय आणि ‘तो’ला तृतीय असे अनुक्रमांक दिले. नावे सुटसुटीत झाली. पण तिघे एकाच रांगेत उभे आहेत असा भास निर्माण झाला, आणि त्यांपैकी दोघे बोलत असून तिसऱ्याविषयी बोलले जात आहे हा भेद झाकला गेला. ‘राम आंबा खातो’ हे वाक्य उदाहरण म्हणून इतके सोयीचे का ठरले याचे उत्तर येथे मिळते. ते ‘शेष’मधले वाक्य आहे. शास्त्रीय गद्याला ‘असे दिसते’, ‘असे म्हणता येते’ ही रूपे प्रिय असण्याचे कारणही हेच. कोणाला दिसते आणि कोणाला म्हणता येते, ते सांगावे लागत नाही.

मराठीत या दोघांचे अस्तित्व किती खोलवर रुजले आहे, हे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या भेदावरून कळते. इंग्रजीला किंवा प्रमाण हिंदीला जेथे एका सर्वनामावर भागवावे लागते, तेथे मराठी ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे याचा निर्णय मागते. जेवणाच्या वेळी दारात आलेल्या पाहुण्याला ‘आम्ही जेवायला बसतोय’ असे म्हटले तर तो परत फिरतो. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले तर चपला काढतो. दोन वाक्यांतल्या सर्वनामांचे संख्यावचन एकच आहे. फरक पडला आहे तो पाहुण्याच्या पानाचा. द्राविडी भाषांच्या सहवासाशी या भेदाचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. तेव्हा मराठीने तो जोपासला, त्यामागेही शेजाऱ्याशी बोलण्याचा दीर्घ इतिहास असावा. हेच ‘आपण’ पुढे आदरार्थी ‘तुम्ही’ होते (‘आपण बसावे’), स्वतःचा वाचक होते (‘तो आपण होऊन आला’) आणि मुंबईच्या बोलण्यात सरळ ‘मी’सुद्धा होते (‘आपण नाय येणार’). मी, तू आणि दोघे मिळून, या सर्व जागांवर हे सर्वनाम फिरते.

क्रियापदही मराठी भाषकाला लपू देत नाही. ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हणताना प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचे लिंग सांगावे लागते. ‘तू जातोस’, ‘तू जातेस’ म्हणताना ऐकणाऱ्याचेही. व्यवस्थेच्या अंगाने पाहिले तर हा सुसंवादाचा साधा नियम आहे. परंतु कोल्हापूर भागातल्या बोलीत स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज म्हणतात, आणि त्या भागात त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तीच स्त्री पुण्यात किंवा मुंबईत शिकायला आली की त्या एका ‘आलो’वर हशा उसळतो, आणि काही महिन्यांत ती ‘आले’ म्हणू लागते. नियमांच्या वहीत याची नोंद ‘बोलीगत पर्याय’ अशी होईल. त्या पर्यायाच्या एका बाजूला घर आहे आणि दुसऱ्या बाजूला वर्ग, आणि दोहोंच्या मध्ये एका माणसाने गिळलेला एक प्रत्यय आहे. ही नोंद करायला मानवकेंद्री दृष्टी लागते.

या दृष्टीच्या वाटेवर धोकाही आहे, आणि तो तिच्या समर्थकांनीच अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. मराठीत राग करण्यापेक्षा तो ‘येतो’. भूक ‘लागते’, आठवण ‘होते’, कप ‘माझ्या हातून फुटतो’. ‘मी चालत नाही’ आणि ‘माझ्याने चालवत नाही’ यांत इच्छा आणि सामर्थ्य वेगळे होतात. अनुभव घेणारा माणूस येथे कर्त्याच्या आसनावरून उतरून ‘मला’ किंवा ‘माझ्याने’ या रूपांत वावरतो. आना विएर्झबित्स्का यांनी रशियन भाषेतील अशाच कर्तृहीन रचनांवरून रशियन मनोवृत्तीविषयी निष्कर्ष काढले. यूरी कारौलोव्ह यांच्या १९८७ च्या ग्रंथानंतर ‘भाषिक व्यक्तिमत्त्व’ ही संकल्पना रशियन अभ्यासकांत रुजली आणि मानवकेंद्री दृष्टीला तेथे एका संप्रदायाचे रूप आले. या संशोधनाचे मोल मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ‘मला राग आला’ म्हणणारा समाज रागाची जबाबदारी टाळतो, असे अनुमान काढणे म्हणजे भाषेत सापडलेल्या माणसाला पुन्हा गमावून त्याच्या जागी ‘मराठी मन’ नावाचा पुतळा उभा करणे होय. तोच मराठी माणूस ‘मी त्याच्यावर रागावलो’ असेही म्हणतो. दोहोंपैकी कोणते केव्हा म्हणायचे हे तो ठरवतो, आणि ते बव्हंशी समोर कोण आहे यावरून ठरवतो. माणूस पाहायचा तो या निवडीत. जमातीच्या सरासरीत तो दिसणार नाही.

ही निवड समूहाच्या पातळीवर कशी काम करते, हे दाखवणारे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. आज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग असलेले हे ठिकाण तेव्हा एक गाव होते. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दोर वळणाऱ्या कुटुंबांत तेलुगू, तर दलित आणि इतर काही घरांत मराठी बोलली जाई. परस्परांशी बोलता बोलता या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एका भाषेतल्या वाक्याच्या प्रत्येक घटकाखाली दुसरीतला घटक मांडत जावे आणि वाक्य पुरे व्हावे, असे या अभ्यासकांचे निरीक्षण होते. शब्द मात्र वेगळेच राहिले. व्यवस्थेच्या दृष्टीने हे कोडे आहे. इतके एक झाल्यावर उरलेले का एक होऊ नये? उत्तर घराच्या उंबऱ्यावर होते. बाजारात, शेतावर आणि चावडीत सर्वांशी बोलावे लागे. घरात मात्र आपण कोण हे राखायचे होते. मराठीच्याच सर्वनामांत सांगायचे तर, कुपवाडचे व्याकरण ‘आपण’ झाले आणि शब्दसंग्रह ‘आम्ही’ राहिला. सुमारे चार दशकांनंतर सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्या ठिकाणचा पुन्हा अभ्यास करून मूळ दाव्याची चिकित्सा केली. व्यवस्थेचे वर्णन एकदा करून ठेवता येते. माणसांकडे मात्र पुन्हा जावे लागते.

कुपवाडमध्ये दुसऱ्याशी बोलावे लागल्यामुळे भाषा बदलल्या. दुसरा उरलाच नाही तर काय होते, याचे उदाहरण अंदमानात घडले. ग्रेट अंदमानी समूहातील बो भाषेची अखेरची भाषक म्हणून ओळखली गेलेली बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी वारली. तिचे वय सुमारे ८५ होते. अन्विता अब्बी यांनी २००५ पासून या समूहाच्या भाषेचे दस्तऐवजीकरण केले. या भाषेचे व्याकरण शब्दशः मानवकेंद्री असल्याचे त्यांनी दाखवून दिले. मानवी देहाचे सात विभाग तिथे व्याकरणिक कोटी होतात. मुख, बाहेरचे प्रमुख अवयव, हातापायांची टोके, आतले अवयव अशा विभागांची उपपदे केवळ अवयववाचक नामांनाच नव्हे, तर क्रिया आणि गुण यांच्या वाचकांनाही लागतात. माणसाचे शरीर हाच जगाचा मापदंड, असे मानणारी ही रचना आहे. मानवकेंद्री भाषाविज्ञानाला याहून अनुरूप भाषा मिळणे कठीण.

तरीही ही रचना बोआला उपयोगी पडली नाही. तिच्या अखेरच्या वर्षांत तिची भाषा बोलणारे दुसरे कोणी उरले नव्हते. इतरांशी बोलण्यासाठी तिला अंदमानी वळणाची हिंदी शिकावी लागली. ती पक्ष्यांशी आपल्या भाषेत बोलत असे, असे अब्बी यांनी नोंदवले आहे. ग्रेट अंदमानी समजुतीत पक्षी हे पूर्वज असतात. त्यांच्या पक्षिनामांवर अब्बी यांनी पुण्याचे पक्षी-अभ्यासक सतीश पांडे यांच्यासमवेत २०११ साली एक ग्रंथही प्रसिद्ध केला. परक्या नजरेला हे एकाकी वृद्धेचे स्वगत वाटेल. पण बेंव्हेनिस्तचा सिद्धान्त जाणणाऱ्याला त्यात भाषेची किमान अट दिसावी. बोआच्या मनात संपूर्ण भाषिक क्षमता शाबूत होती. चॉम्स्की यांच्या व्याख्येप्रमाणे बो भाषा त्या दिवसापर्यंत जिवंत होती. सोस्यूरच्या दृष्टीनेही व्यवस्था तिच्याजवळ होती, आणि पुढे ध्वनिफितींतही राहिली. फक्त ‘तू’ची जागा रिकामी झाली होती, आणि ती भरण्यासाठी तिने आभाळाकडे पाहिले. बो भाषेच्या मृत्यूची तारीख म्हणून बोआच्या मृत्यूची तारीख दिली जाते. परंतु भाषा खऱ्या अर्थाने थांबली ती त्याआधी, तिला त्या भाषेत उत्तर देणारा शेवटचा माणूस गेला तेव्हा.

खुद्द बेंव्हेनिस्तच्या आयुष्याचा शेवट या चित्राची दुसरी बाजू आहे. ‘मी’ उच्चारून माणूस भाषा आपलीशी करतो असे सांगणाऱ्या या विद्वानाला डिसेंबर १९६९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. ऑक्टोबर १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ सात वर्षे, तो या अवस्थेत होता. त्याच्या निबंधांचा दुसरा खंड याच काळात, १९७४ साली, प्रसिद्ध झाला. बोललेले त्याला समजत असे, असे त्याला भेटायला जाणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे लोक त्याला उद्देशून बोलत होते, ‘तू’ची जागा त्याला मिळत होती, ती उलटून ‘मी’ म्हणणे तेवढे त्याच्या हाती नव्हते. बोआजवळ ‘मी’ होता आणि ‘तू’ नव्हता; बेंव्हेनिस्तजवळ ‘तू’ची जागा होती आणि ‘मी’ नव्हता. दोघांचीही व्यवस्था बाहेरून पाहता सुरक्षित होती : एकीची ध्वनिफितींत, दुसऱ्याची ग्रंथांत. भाषेतला माणूस म्हणजे नेमके काय, हे या दोन अवस्थांकडे एकत्र पाहिल्यावर स्पष्ट होते. तो एकट्या मनात नसतो आणि जमातीच्या स्वभावातही नसतो. दोन जागांच्या अदलाबदलीत तो असतो, आणि ही अदलाबदल थांबली की बाकी सर्व असूनही तो उरत नाही.

यावर आक्षेप असा येईल की, माणूस आत घेतला म्हणजे शास्त्राचा काटेकोरपणा गेला. वस्तुतः पाणिनीच्या सूत्रांहून काटेकोर काय असणार? तरी त्यांत बोलणारा आणि ऐकणारा आहेत, आणि उरलेल्यांना ‘शेष’ म्हणण्याइतकी स्पष्टता आहे. प्रश्न काटेकोरपणाचा नसून नोंदीचा आहे. क्षेत्रीय अभ्यासाला निघालेला पदव्युत्तर विद्यार्थी माहितगाराकडून वाक्ये घेतो, त्यांतले प्रत्यय वेगळे करतो, तक्ते भरतो. ते वाक्य कोणी कोणाला म्हटले याचा रकाना बहुधा तक्त्यात नसतोच. मराठी माणूस निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. तक्त्यात त्या क्रियापदाचा अर्थ चुकलेला दिसेल, कारण दिशा उलटी आहे. तो दुरुस्त करण्यासाठी दारात निरोप द्यायला उभ्या असलेल्या माणसाची नोंद लागते. ज्याच्याकडे परत यायचे आहे असा कोणी नसेल, तर ते क्रियापद खरोखरच चुकीचे आहे. व्याकरणाच्या पहिल्या तासाला ‘राम आंबा खातो’ हे वाक्य फळ्यावर लिहिले जाते, तेव्हा मागच्या बाकावरून एखाद्या मुलीने ‘हे कोण कोणाला सांगतंय?’ असे विचारले, तर तिला खाली बसवण्याचे कारण नाही. धडा तिच्या प्रश्नापासूनही सुरू करता येतो.